सूर लिंडांचा, सही दुसऱ्यांची

सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीत आपल्या ‘ईव्हनिंग बर्ड्स’ या साथीदारांसह ‘मबूबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. साथीदारांचा खर्जातला ठेका आणि त्यावर लिंडांचा टिपेचा आवाज, एवढीच त्याची बांधणी. तिसऱ्या टेकच्या अखेरीस लिंडांनी ऐनवेळी एक लकेर घेतली आणि पुढे जगभर गाजलेल्या इंग्रजी गाण्याची मुख्य चाल तीच ठरली. रेकॉर्ड दक्षिण आफ्रिकेत धडाक्यात खपली. गाण्याचे हक्क मात्र अवघ्या १० शिलिंगांत गेले. अमेरिकेत लोकगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्यामार्फत ही रेकॉर्ड गायक पीट सीगर यांच्या हाती लागली. त्यांच्या ‘द वीव्हर्स’ची आवृत्ती १९५२मध्ये गाजली, तेव्हा श्रेय मिळाले ‘पॉल कॅम्पबेल’ या अस्तित्वातच नसलेल्या माणसाला. १९६१मध्ये जॉर्ज वाइस यांच्या इंग्रजी शब्दांसह ‘द टोकन्स’ने ते ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ म्हणून गायले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढच्याच वर्षी लिंडा दारिद्र्यात वारले. १९९४मध्ये डिस्नेच्या ‘द लायन किंग’ या चित्रपटाने हीच चाल नव्या पिढीपर्यंत नेली.

या साऱ्या प्रवासात गाणे बदलणाऱ्याची नोंद होत गेली, मूळ सूर देणाऱ्याची राहून गेली. यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, लिंडांनी स्वतःच हक्क लिहून दिले. पण वंशभेदाच्या राजवटीत एका कृष्णवर्णीय कामगाराला मोठ्या कंपनीशी घासाघीस करण्याची कितीशी मुभा होती? शिवाय हक्क विकले, तरी कर्तेपण विकले जात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वाइस यांच्या शब्दांविना हे गाणे एवढे दूर पोहोचलेच नसते. हे खरे आहे, आणि म्हणूनच शब्दांचे श्रेय वाइस यांना मिळायलाच हवे. पण त्यामुळे चालीचे श्रेय लिंडांकडून हिरावले जात नाही. सीगर यांनी लिंडांना १००० डॉलर पाठवले होते. त्यांची सद्भावना निर्विवाद. पण एकदा पाठवलेली रक्कम म्हणजे रॉयल्टी नव्हे.

पत्रकार रियान मलान यांनी २०००मध्ये हे प्रकरण लेखातून उजेडात आणले. कर्त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परततात, या १९११च्या ब्रिटिश कायद्यातील तरतुदीच्या आधारे २००४मध्ये डिस्नेवर दावा दाखल झाला. २००६मध्ये तडजोड होऊन लिंडांना सहसंगीतकार मानले गेले आणि त्यांच्या मुलींना रॉयल्टीचा वाटा मिळाला. लिंडांच्या मृत्यूला तेव्हा ४४ वर्षे झाली होती.