फावड्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?

स्पेड आणि शॉव्हेल ही इंग्रजीत दोन वेगळी अवजारे आहेत. स्पेडचे पाते सपाट, धार सरळ. पायाने दाबून ते जमिनीत घुसवायचे आणि माती कापायची. शॉव्हेलचे पाते खोलगट; सुटी वाळू, खडी, कोळसा त्यात घेऊन पलीकडे टाकायचा. स्पॅनिश भाषांतरकाराकडे मात्र दोन्हींसाठी रोजच्या वापरातला शब्द एकच, 'पाला'. बागकामाच्या इंग्रजी पुस्तकात 'खडी भरायला स्पेड वापरू नका, शॉव्हेल घ्या' असे वाक्य आले की त्याची पंचाईत होते. 'पाला वापरू नका, पाला घ्या' असे तर लिहिता येत नाही. मग टोकदार पाला, चौकोनी पाला, सरळ पाला अशी विशेषणे लावून काम भागवावे लागते.

माझ्या मते ही सोपी अडचण. खरी गंमत इंग्रजीतल्या 'हो' या अवजारापाशी सुरू होते. त्याचे पाते दांड्याच्या रेषेत नसते, ते दांड्याशी काटकोन करते. उचलायचे, जमिनीत मारायचे आणि आपल्याकडे ओढायचे. याला स्पॅनिशमध्ये 'असादा' म्हणतात. पाते रुंदीपेक्षा लांब आणि किंचित वाकडे असले की 'असादोन', छोटे असले की 'असादिया'.

आता आपले फावडे डोळ्यांसमोर आणा. शाळेत आपण स्पेड म्हणजे फावडे असे पाठ केले. पण फावड्याचे पाते दांड्याच्या रेषेत असते का? आपण ते पायाने दाबतो का? पश्चिम महाराष्ट्रात त्याच जातीच्या अवजाराला खोरे म्हणतात आणि आपला वाक्प्रचारही खोऱ्याने पैसे 'ओढण्याचा' आहे, उचलून फेकण्याचा नाही. म्हणजे आपले फावडे स्पॅनिश शेतकऱ्याच्या हाती दिले तर तो त्याला बिनदिक्कत असादा म्हणेल. इंग्रजीच्या वाटेने गेलेला मराठी भाषांतरकार मात्र फावड्याचे स्पेड करील, स्पेडचे पाला करील, आणि दोन टप्प्यांत अवजारच बदलून जाईल.

असा घोटाळा थोरामोठ्यांकडूनही झाला आहे. 'कॉल अ स्पेड अ स्पेड', म्हणजे स्पष्ट बोलणे, हा इंग्रजी वाक्प्रचार मूळचा ग्रीक. त्यात खणायचे अवजार मुळी नव्हतेच, होते ते काठवटीसारखे भांडे. सोळाव्या शतकात विद्वान इरॅस्मसने ग्रीक लेखक प्लुटार्कचे हे वचन लॅटिनमध्ये आणताना भांड्याच्या जागी 'लिगो' घातले. लिगो हे ओढून खणण्याचे अवजार. स्पॅनिशमधला 'लेगोन' त्याचाच वंशज आणि असादाचा भाऊबंद. पुढे 1542मध्ये निकोलस उडॉलने इरॅस्मसचे इंग्रजी केले आणि लिगोचे स्पेड झाले. स्पॅनिश माणूस या भानगडीत पडतच नाही. स्पष्ट बोलायचे तर तो पावाला पाव आणि वाइनला वाइन म्हणतो. पत्त्यांतल्या स्पेडचा तर मातीशी काडीचा संबंध नाही. आपल्या इस्पिकाला स्पॅनिशमध्ये 'पिकास' म्हणतात, म्हणजे भाले.

कठीण जमिनीसाठी लागतो तो टिकाव. एकीकडे टोक, दुसरीकडे चपटी धार. इंग्रजीत धारेची रुंदी आणि टोकाचा आकार पाहून पिक, पिकॲक्स, मॅटॉक अशी वाटणी होते, पण साधे इंग्रज लोकही ती नेमाने पाळत नाहीत. स्पॅनिश कोशातला काटेकोर शब्द 'सापापिको'. त्यातला 'सापा' म्हणजे किल्ल्याखाली भुयार खणणाऱ्या सैनिकांचे अवजार. हे घराणे आपल्याही ओळखीचे आहे. इटालियन 'झाप्पा', म्हणजे पुन्हा ओढायचे खोरेच, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले आणि त्यावरून खणणारा सैनिक तो 'सॅपर' झाला. पुण्याजवळ खडकीला ज्यांचे केंद्र आहे ते बॉम्बे सॅपर्स हे नाव तिथलेच.

पण सापापिको हा शब्द घेऊन अमेरिका खंडात गेलात तर काही ठिकाणी मजूर तुमच्या तोंडाकडे पाहत राहतील. मेक्सिकोत त्याला 'पिओचा'ही म्हणतात, आणि तिथेच हनुवटीवरच्या छोट्या दाढीलाही पिओचा म्हणतात. चिलीत तो 'पिकोता'. स्पेनमध्ये पिकोता म्हणजे गुन्हेगाराला उभे करायचा खांब, नाहीतर हेर्ते खोऱ्यातली चेरी. चिलीतली पहार म्हणजे 'चूसो'. अँडीजच्या डोंगराळ देशांत असादाला क्वेचुआ भाषेतले 'लाम्पा' हे नाव आहे. क्यूबात तण काढायच्या आखूड असादाला 'ग्वाताका' म्हणतात. मोठ्या कानालाही ग्वाताका आणि खुशामतखोरालाही ग्वाताका. तिथले वादक त्याचे पाते लोखंडाने ठोकून तालही धरतात.

'कोआ'ची कथा आणखी निराळी. ती मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांची खणायची काठी. मेक्सिकोत हालिस्को राज्यातल्या तेकिला भागात कोआ म्हणजे लांब दांड्याचे गोल धारदार पाते, ज्याने तेकिला या मद्यासाठी आगावे या वनस्पतीची पाने छाटतात. चिलीत मात्र कोआ म्हणजे चोरांची सांकेतिक बोली. तेव्हा वाचक कुठल्या देशातला आहे हे विचारल्याशिवाय भाषांतरकाराने कामाला हात घालू नये.

दांड्याच्या लांबीनेही नाव बदलते, आणि कधी कधी माणसाचे आयुष्यसुद्धा. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात लेट्यूसची विरळणी करायला शेतमालक मजुरांना फूट-दोन फूट दांड्याचे खोरे देत. मेक्सिकन मजुरांनी त्याला नाव ठेवले 'एल कोर्तीतो', म्हणजे आखूडसे. दिवसभर कमरेत वाकून पाठीचे कायमचे नुकसान होई. लांब दांड्याने नाजूक काम होत नाही, असे मालकांचे म्हणणे. वाकलेला मजूर काम करतोय आणि उभा राहिलेला थांबलाय हे मुकादमाला लांबून कळायचे, ही सोय होतीच.

असुरक्षित हात-अवजारांना राज्यात आधीपासून बंदी होती. पण सरकारी खात्याने नियमाचा अर्थ लावला तो असा की, मोडकेतोडके किंवा मुळातच धोकादायक अवजार तेवढे असुरक्षित. 1975मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ फेटाळला. अवजार कसे वापरावे लागते आणि त्याने अंगाचे काय होते, हेही पाहायला हवे, असे न्यायालयाचे म्हणणे. त्याच वर्षी कोर्तीतोवर बंदी आली. हा शब्द भाषांतरात नुसता 'असादा कोर्ता', म्हणजे आखूड असादा, असा आणला तर सगळा लढा गळून पडतो. तिथे कोर्तीतोच ठेवावा.

मराठी कोशकारांना एवढीच विनंती की, पुढच्या आवृत्तीत 'हो' या नोंदीसमोर फावडे आणि खोरे लिहा. स्पेडसमोर 'पायाने दाबून माती कापण्याचे सरळ पात्याचे अवजार' असे सरळ वर्णन द्या. शेजारी छोटे चित्र छापलेत तर फारच बरे.