पायातली पट्टी आणि डोक्यावरची रेघ

नंदनवन भागातल्या एका अभ्यासिकेच्या पाटीची अक्षरं करायचं काम माझ्याकडे आलं. वर मराठीत ‘अभ्यासिका’, खाली इंग्रजीत ‘स्टडी सेंटर’. पाटी दुसऱ्या मजल्यावर लागणार आणि वाचणारा बहुतेक वेळा दुचाकीवर असणार. मालकांची अट एकच होती, अक्षर ठसठशीत हवं. इंग्रजीसाठी मी लगेच स्लॅब सेरिफकडे वळलो. या अक्षरांच्या टोकांना आणि पायांना जाड, चौकोनी आडव्या पट्ट्या असतात.

ही अक्षरं घडलीच मुळी लांबून वाचण्यासाठी. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने 1815 च्या सुमारास ती खिळ्यांत आणली. भिंतींवर लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिराती लागायला लागल्या होत्या आणि पुस्तकासाठी कापलेल्या नाजूक अक्षरांचं तिथं काही चालेना. पुढे 1845 मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीचं क्लॅरेंडन आलं. त्यात पट्टी आणि दांडा जिथं मिळतात तिथं हलकं वळण होतं, त्यामुळे बारीक मजकुरातही ते खपून जाई. शब्दकोशात मूळ शब्द ठळक दाखवायला ते कामी आलं.

पण पट्टी नेमकं काय करते, ते पाहायचं तर इंग्रजी टाइपरायटरवर टंकलेला कागद घ्यावा. यंत्रावर प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते. ‘एम’ला दाटीवाटीनं बसावं लागतं आणि ‘आय’ मोकळ्या जागेत एकटा पडतो. त्या ‘आय’च्या पायाशी लांब पट्टी दिली की जागा भरते आणि ओळ फाटत नाही. हॉवर्ड केटलर यांनी 1950 च्या दशकात आयबीएमसाठी आखलेलं कुरियर याच युक्तीवर उभं आहे. टायपिंगच्या 30 आणि 40 च्या परीक्षा दिलेल्यांच्या डोळ्यांत हे वळण पक्कं बसलेलं असतं, नाव माहीत नसलं तरी.

मराठीकडे आलो की प्रश्न बदलतो. आपल्या ओळीला वरून शिरोरेघ धरून ठेवते. तिथं आडवी, जाड, सलग पट्टी आधीपासूनच आहे. तरी इंग्रजीशी जुळवायचं म्हणून कान्याच्या पायाशीही पट्टी ठोकलेली अक्षरं जाहिरातींत दिसतात, आणि मला ती मनापासून खटकतात. देवनागरीत दांड्याचा पाय मोकळाच लागतो. उकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण, सगळे तिथंच येऊन बसतात. ‘पु’च्या पायाशी पट्टी दिली तर उकार चिकटवायचा कुठं? ‘या’मध्ये तर दोन दांडे शेजारी उभे असतात, त्यांच्या पट्ट्या एकमेकींत घुसतात.

मग दोन्ही लिप्या एका पाटीवर नांदवायच्या कशा? उत्तर पट्टीत नसून जाडीत आहे. रोमन लेखणीच्या टोकाचा काप आणि आपल्या बोरूचा काप उलट दिशेचे. म्हणून जाड-बारीक फरक जास्त असलेली इंग्रजी अक्षरं मराठीखाली ठेवली की जाडी एका ओळीत एका अंगाला आणि दुसऱ्या ओळीत दुसऱ्या अंगाला झुकते. स्लॅबमध्ये सगळ्या रेषा जवळजवळ सारख्या जाडीच्या असतात, त्यामुळे हा विरोध डोळ्याला जाणवत नाही. द्वैभाषिक पाटीसाठी स्लॅबचा हा गुण मला त्याच्या ठसठशीतपणापेक्षाही मोलाचा वाटतो.

आर्जेंटिनाच्या सोल मातास यांनी हीच वाट घेतली. त्यांचा ‘बिटर’ हा स्लॅब सेरिफ पडद्यावर वाचण्यासाठी केलेला. त्यावरून त्यांनी ‘कडवा’ हा देवनागरी फॉन्ट केला. दोन्ही फुकट वापरता येतात. पाटीसाठी मी हीच जोडी निवडली.

ठळक वजनात ‘अभ्यासिका’ लिहून खऱ्या मापाचा कागद छापला, गॅलरीच्या कठड्याला लावला आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो. तिथून मी ‘अम्यासिका’ वाचलं. भ आणि म यांत फरक असतो तो डाव्या वरच्या गाठीचा आणि शिरोरेघेतल्या फटीचा. अक्षर जाड झालं की ही फट सगळ्यांत आधी बुजते. पाटीवर त्यातून आणखी एक अडचण येते, कारण रात्री आतून दिवा लागला की उजेड पसरून उरलीसुरली फटही खातो. अक्षराचं कर्व्हमध्ये, म्हणजे हातानं बदलता येणाऱ्या बाह्यरेषेत, रूपांतर करून भची फट रुंद केली, गाठ थोडी खाली घेतली. घ-ध, भ-म या जोड्या असलेल्या कुठल्याही पाटीत हे एकेक अक्षर हातानं तपासलंच पाहिजे, फॉन्ट कितीही चांगला असो. इंग्रजी ओळीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं, नाहीतर शेजारच्या पट्ट्या मिळून लांबून एकच जाड रेघ दिसते.

फ्लेक्सवाल्याला फाइल देताना त्यातच लिहिलं की पाटी रुंद निघाली तर दोन्ही बाजूंना जागा सोडा, अक्षर ओढू नका. आडवं ओढलं की उभे दांडे जाड होतात, शिरोरेघ तेवढीच राहते आणि जुळवलेली जाडी पुन्हा बिघडते.