ऑटोव्हॅक्यूम बंद करू नका

संपादकांनी विषय दिला होता, डेटाबेस सर्व्हर वेगवान कसा ठेवावा. जाणत्यांना विचारलं की बहुतेक जण मेमरीपासून सुरुवात करतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये शेअर्ड बफर्स मुळात 128 एमबी असतात, ते रॅमच्या साधारण पाव हिश्शापर्यंत न्या. कनेक्शनची 100ची मर्यादा आंधळेपणानं वाढवू नका, मध्ये पूलर बसवा. सल्ला चांगला आहे आणि एका दुपारीत अमलात आणता येतो. मला मात्र खिळवून ठेवलं ते पोस्टग्रेसच्या पोटात अहोरात्र राबणाऱ्या ऑटोव्हॅक्यूमनं.

पोस्टग्रेसचा जन्म 1986चा. बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं, पुढे अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल शिकवलं आणि 1996मध्ये आजचं पोस्टग्रेस-क्यूएल हे नाव पडलं. एवढा इतिहास आपल्या कामाला पुरे.

एक छोटा प्रयोग करून पाहा. नवं टेबल बनवा, त्यात एकच ओळ घाला आणि सीटीआयडी नावाचा लपलेला कॉलम मागवा. उत्तर येतं (0,1), म्हणजे शून्य क्रमांकाच्या पानावरची पहिली जागा. आता त्याच ओळीतली किंमत अपडेट करा आणि पुन्हा विचारा. उत्तर येतं (0,2). आपल्याला वाटतं जुना आकडा पुसून नवा लिहिला. प्रत्यक्षात पोस्टग्रेसनं जुन्या ओळीला हातही लावला नाही, फक्त ती कोणत्या व्यवहारानं रद्द केली तेवढी खूण केली आणि शेजारी नवी ओळ लिहिली. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव कंसात जातं आणि नवं नाव चढतं, तसंच हे. यामुळेच एकजण लिहीत असताना दुसऱ्याला न थांबता वाचता येतं, कारण त्याला त्याच्या वेळची ओळ दिसत राहते. मला ही रचना फार सुंदर वाटते.

पण कंसातली ती नावं कोणीतरी काढायला हवीत. नाहीतर 8 केबीची पानं मेलेल्या ओळींनी भरतात, टेबल फुगतं आणि दहा ओळी शोधायला डिस्कवरून हजार ओळी उचलाव्या लागतात. सुरुवातीला व्हॅक्यूम नावाचं हे काम माणसं रात्री हातानं चालवत. 2005मध्ये 8.1 आवृत्तीत अल्वारो हेरेरा यांनी ऑटोव्हॅक्यूम मुख्य सर्व्हरमध्ये आणलं आणि 2008च्या 8.3पासून ते आपोआप चालू राहू लागलं. ते दर मिनिटाला उठून बघतं, आणि टेबलातल्या मेलेल्या ओळी 20 टक्के अधिक 50 या मर्यादेपुढे गेल्या की कामाला लागतं.

गोम त्या 20 टक्क्यांतच आहे. हजार ओळींच्या टेबलाला तो आकडा ठीक. दहा कोटी ओळींच्या टेबलात मात्र दोन कोटी ओळी मरेपर्यंत ऑटोव्हॅक्यूम हलत नाही, आणि हललं की तासन् तास डिस्कवर दिसत राहतं. मग कोणीतरी वैतागून ते बंद करतं. माझ्या मते सर्व्हरवर करता येण्यासारखी ही सर्वांत वाईट गोष्ट. उपाय नेमका उलट आहे. मोठ्या टेबलापुरता स्केल फॅक्टर 0.01वर आणा, म्हणजे दहा लाख ओळी मेल्या की साफसफाई सुरू होईल. जुनी आवृत्ती असेल तर कॉस्ट डिले, म्हणजे ऑटोव्हॅक्यूमच्या कामातला विराम, तोही तपासा. तो 20 मिलिसेकंदांचा होता, 2019च्या बाराव्या आवृत्तीत 2 झाला. व्हॅक्यूम फुलच्या वाटेला मात्र दिवसाउजेडी जाऊ नका, ते चालू असेपर्यंत टेबल कोणाला वाचताही येत नाही.

एवढं करूनही ऑटोव्हॅक्यूम हतबल होऊ शकतं. एखादा प्रोग्राम ट्रान्झॅक्शन, म्हणजे व्यवहार, उघडतो आणि कमिट न करता तसाच बसतो. त्याला दिसू शकेल अशी एकही ओळ काढता येत नाही. पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीत 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असं लिहिलेली जुनी ओळ दिसली की दोषी तीच. 9.6पासून अशा सेशनला ठरावीक वेळेनंतर तोडण्याची सोय आहे, ती वापरा. विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट आणि अर्धवट सोडलेला प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन हेही तोच घोटाळा करतात.

आणि इथून पुढे विषय वेगाचा राहत नाही. लिहिणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला 32 बिटांचा क्रमांक मिळतो. क्रमांक वर्तुळात फिरतात आणि त्यातले साधारण 214 कोटीच 'मागचे' मानता येतात. व्हॅक्यूम जुन्या ओळी गोठवतं, म्हणजे कायमच्या 'मागच्या' ठरवतं, म्हणून वर्तुळ सुरक्षित फिरतं. व्हॅक्यूम थकलं की न गोठवलेल्या सर्वांत जुन्या क्रमांकाचं वय वाढत जातं. चौदाव्या आवृत्तीपासून 4 कोटी क्रमांक उरले की सर्व्हर इशारे देतो, 30 लाख उरले की नवं काही लिहूच देत नाही. जुलै 2015मध्ये सेंट्री ही अमेरिकी सेवा याच कारणानं कामाचा जवळजवळ पूर्ण दिवस बंद पडली होती. अशा वेळी नुसतं रीस्टार्ट करून काही होत नाही, अडवणारा व्यवहार काढून अवाढव्य टेबलांवर व्हॅक्यूम पूर्ण होईपर्यंत वाट बघावी लागते.

तुमच्याकडे पोस्टग्रेस असेल तर आजच पीजी डेटाबेसमधल्या डेटफ्रोझनएक्सआयडीचं वय विचारा. ऑटोव्हॅक्यूम मुळात 20 कोटींच्या आसपास सक्तीनं गोठवायला लागतं, त्यामुळे तेवढा आकडा दिसला तर घाबरू नका. 100 कोटींच्या पुढे असेल तर बाकी सगळं ट्यूनिंग बाजूला ठेवा आणि आधी व्हॅक्यूम कुठे अडलंय ते शोधा.