गाडीतला हॅम रेडिओ

मुलांनो, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला मोठा भूकंप झाला. तेव्हा हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक आपापले संच घेऊन मदतीला धावले व त्यांनी निरोप पोहोचवले. वयाची १२ वर्षे पूर्ण झाली, की तुम्हांलाही सरकारी परीक्षा देऊन हॅमचा परवाना मिळवता येतो. परवान्याआधी मात्र संच विकत घेऊ नका.

गाडीत बसवायच्या संचाला ‘मोबाइल’ म्हणतात. तो फोन नव्हे! गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर तो चालतो. दोन पट्ट्यांच्या संचावर सुमारे २ मीटर आणि ७० सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरता येतात. महाग संच बहुधा दोन्ही पट्टे एकाच वेळी ऐकवतो, स्वस्त संच एका वेळी एकच. शिकणाऱ्याला तेवढे पुरे.

मग पैसे कशावर खर्च करावेत? पुष्कळजण जास्त वॅटचा संच मागतात. पण या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका पाहा. तेथे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आहे. अशा डोंगराआड, दरीत उभ्या असलेल्या जीपमध्ये ५० वॅटचा संच असला, तरी आवाज पलीकडे पोहोचेलच असे नाही. उंच जागेवरून मात्र ५ वॅटचा हातातला संचही दूरवर ऐकू जातो. म्हणून संच साधा घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला अँटेना व चांगली केबल घ्या. अँटेना गाडीच्या टपावर मधोमध बसवा. बॅटरीकडून येणाऱ्या तारेत फ्यूज घालायला विसरू नका.