प्रश्न विधानसभेतला, उत्तर गावच्या दप्तरातले

जळगाव शहरालगतचे असोदा हे गाव कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. अशा एखाद्या मोठ्या गावाची नळपाणीपुरवठा योजना मुदत उलटूनही अपुरी राहिली आहे, अशी उदाहरणादाखल कल्पना करावी. ग्रामसभेत तक्रार होते, पंचायत समितीकडे अर्ज जातात आणि अखेरीस गावकरी आपल्या आमदारांना भेटतात. आमदार विधानसभेत तारांकित प्रश्नाची सूचना देतात. गावच्या विहिरीवरचा विषय अशा रीतीने राज्याच्या मंत्र्यांपुढे जाऊन उभा राहतो.

या प्रश्नाला एक ठरीव घाट असतो. योजनेचे काम अपूर्ण आहे हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? प्रथमदर्शनी ही भाषा रुक्ष वाटते. परंतु प्रत्येक पोटभाग उत्तर देणाऱ्याची एकेक पळवाट बंद करीत जातो, हे तिचे मर्म होय. उत्तरांचेही साचे ठरलेले आहेत : ‘होय’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. यांपैकी ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर वाचताच अनुभवी सदस्य सावध होतो. उरलेला अंश कोणता, हाच त्याचा पहिला उपप्रश्न असतो. तारांकित प्रश्नाचे सारे बळ या उपप्रश्नांत आहे. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्नावर मात्र मंत्र्यांना सभागृहात उभे राहावे लागते.

हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी भरली. पण १८६१ च्या कायद्यान्वये तेथे केवळ विधेयकांचा विचार व्हावयाचा, कारभाराविषयी प्रश्न विचारण्यास मुभा नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने मिळाली. उपप्रश्नाचा हक्क १९०९ मध्ये आला, तोही मूळ प्रश्नकर्त्यापुरताच. पुढे १९१९ च्या सुधारणांनी तो इतर सदस्यांनाही लाभला.

केवळ ठराव संमत होऊन भागत नाही, पाठपुरावा लागतो, याचा अनुभवही याच कायदेमंडळाला आला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजास खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. अनेक स्थानिक संस्थांनी तो कागदावरच ठेवला. म्हणून बोले यांना १९२६ साली पुन्हा ठराव आणावा लागला : जी संस्था अंमलबजावणी करणार नाही, तिचे अनुदान रोखावे. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता, तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करूनच तेथील पाणी घ्यावे लागले.

आता पुन्हा नळयोजनेकडे वळू. मंत्रालयात आलेला प्रश्न विभागाच्या कार्यासनाकडून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, तेथून ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कार्यकारी अभियंत्यांकडे व शेवटी शाखा अभियंता आणि ग्रामपंचायत यांच्याकडे येतो. बहुधा तो ‘तात्काळ’ असा शेरा घेऊनच येतो. मोजमाप पुस्तिका, देयके, ग्रामसभेचे इतिवृत्त यांतून जी माहिती निघते, तीच पायरीपायरीने वर चढून मंत्र्यांच्या तोंडी उत्तर म्हणून येते. खाली दप्तरात ‘काम पूर्ण’ अशी नोंद असेल आणि गल्लीतील नळ कोरडा असेल, तर सभागृहाला कोरडे उत्तर मिळणार. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज किमान ५५ लिटर पाण्याचे मान ठरविले. त्यामुळे नळजोडण्या किती दिल्या एवढे सांगून उत्तर पुरे होत नाही. पाणी किती व किती दिवसांनी येते, हेही सांगावे लागते. ही नोंद ग्रामपंचायतीने नियमित ठेवली असेल, शाळेच्या नळाची स्थिती मुख्याध्यापकांनी वेळोवेळी लिहून कळविली असेल, तर आमदारांच्या उपप्रश्नाला धार येते. अधिकाऱ्यालाही अंदाजाने उत्तर रचण्याची पाळी येत नाही.

अधिकाऱ्याने दिलेल्या माहितीबद्दल मंत्र्यांनी का उत्तर द्यावे, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचा विषय १९५७ साली फिरोज गांधी यांनी लोकसभेत लावून धरला. न्यायमूर्ती छगला यांनी मुंबईत त्याची उघड चौकशी केली. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यांना टाळता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. राज्यातही मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. सभागृहात ‘महिनाभरात काम पूर्ण करू’ असे मंत्री म्हणाले, की ते आश्वासन ठरते व त्याच्या पूर्ततेवर विधिमंडळाची आश्वासन समिती लक्ष ठेवते. जिल्हा परिषदांच्या कारभाराची प्रत्यक्ष जिल्ह्यात येऊन झडती घेणारी पंचायत राज समितीही विधिमंडळाचीच होय.

जबाबदारी प्रश्न विचारणाऱ्यावरही असते. याचे कटू स्मरण खानदेशाला आहे. प्रश्न मांडण्यासाठी पैसे स्वीकारल्याच्या प्रकरणात २३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेने दहा व राज्यसभेने एका सदस्याचे सदस्यत्व रद्द केले. लोकसभेतील त्या दहांत जळगाव आणि तत्कालीन एरंडोल या दोन मतदारसंघांचे प्रतिनिधी होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये संसदेचा हा अधिकार मान्य केला. प्रश्न ही सदस्याची मालमत्ता नसून मतदारांची ठेव आहे, हे त्यावेळी गावोगावच्या पारावर वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

ज्या वर्षी हे घडले, त्याच २००५ साली केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम अमलात आला. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे त्याच्या कलम ८ मध्ये मुळात म्हटले होते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. अधिवेशन चालू नसताना असोद्याच्या एखाद्या शिक्षकाला किंवा ग्रामपंचायत सदस्याला तीच मोजमाप पुस्तिका पाहावयाची असेल, तर साधा अर्ज व दहा रुपयांचे शुल्क पुरते. आणि त्याचे उत्तर सामान्यतः तीस दिवसांत द्यावे लागते.