किल्ली बसली, कुलूप उघडलं का?

संप्रेरक म्हणजे किल्ली आणि ग्राही म्हणजे कुलूप, असं आपण शिकलो. एमिल फिशर यांनी ही उपमा १८९४ साली दिली, ती विकरांसाठी. इस्ट्रोजेनला ती लावली तर कुठं अडते, ते पाहू.

इस्ट्रोजेन पेशीच्या पटलातून सहज आत शिरतं. त्याचा ग्राही, एक प्रथिन, मुख्यतः केंद्रकात असतो. त्याच्या खोबणीत इस्ट्रोजेन बसलं, की प्रथिनाचा बारावा पीळ झाकणासारखा मिटतो. त्यामुळे बाहेरच्या अंगाला नवी जागा घडते, सहायक प्रथिनं तिथं चिकटतात आणि जनुकं चालू होतात.

स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेनही त्याच खोबणीत बसतं. पण त्याची एक बाजू बाहेर डोकावते. झाकण मिटत नाही, उलट सरकून सहायकांचीच जागा अडवतं. स्तनातल्या पेशींना वाढीचा हुकूम मिळत नाही.

म्हणजे बसणं वेगळं, चालू करणं वेगळं. शिवाय गर्भाशयात सहायकांचा मेळ निराळा असतो. तिथं हेच औषध काहीसं इस्ट्रोजेनसारखं वागतं. म्हणून ते घेणाऱ्या बाईनं पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव अंगावर काढू नये, लगेच डॉक्टरांना सांगावं.