श्नेऊर झाल्मन

रब्बी श्नेऊर झाल्मन (इ.स. १७४५ – डिसेंबर १८१२) हे पूर्व युरोपातील ज्यू धर्मगुरू, धर्मशास्त्रज्ञ आणि हसिदी पंथाच्या खबाद (छाबड) शाखेचे संस्थापक होते. अखेरच्या काळात लियाडी या गावी वास्तव्य असल्याने ते 'लियाडीचे रब्बी' म्हणून, तर अनुयायांत 'आल्टर रेबे' म्हणजे 'ज्येष्ठ गुरू' म्हणून ओळखले जातात.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकात बाल शेम तोव यांच्या शिकवणीतून हसिदी पंथ उदयास आला. केवळ पांडित्यापेक्षा आनंदमय भक्ती आणि तळमळीची प्रार्थना यांवर त्याचा भर होता. प्रत्येक गट एका 'रेबे'भोवती, म्हणजे आध्यात्मिक गुरूभोवती, एकवटलेला असे. पुढे हे गुरुपद बहुधा घराण्यात चालत राहिले.

जीवन

श्नेऊर झाल्मन यांचा जन्म आजच्या बेलारूसमधील लिओझ्ना येथे झाला. तरुणपणी ते मेझेरिच येथील दोव बेर यांचे शिष्य झाले. गुरूंच्या सूचनेवरून त्यांनी ज्यू आचारधर्माची नवी संहिता लिहिण्यास घेतली. 'शुल्खान आरुख हाराव' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या संहितेत नियमांसोबत त्यांची कारणेही दिलेली आहेत. तिचा बराचसा भाग त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाला.

१७७२ मध्ये दोव बेर यांचे निधन झाले. १७७७ मध्ये व्हितेब्स्कचे मेनाखेम मेंडेल अनुयायांसह पॅलेस्टाईनला गेले. त्यानंतर बेलारूसमधील हसिदी समाजाचे नेतृत्व हळूहळू श्नेऊर झाल्मन यांच्याकडे आले.

तान्या

व्यक्तिगत मार्गदर्शनासाठी लिओझ्नात इतकी गर्दी होऊ लागली की भेटींवर नियम घालावे लागले. प्रत्येकाला भेट देणे अशक्य झाल्याने त्यांनी आपले उपदेश लिहून दिले. हस्तलिखित प्रतींत चुका शिरू लागल्या, तेव्हा १७९६ मध्ये स्लावुता येथे हा ग्रंथ लेखकाच्या नावाविना छापण्यात आला.

ग्रंथाचा नायक संत नसून 'बेनोनी', म्हणजे मधल्या पायरीवरचा मनुष्य आहे. त्याच्या अंतरी दैवी आणि पाशवी अशा दोन आत्म्यांचा संघर्ष चालू असतो. वासना नाहीशी करणे त्याच्या हाती नसले, तरी विचार, वाणी आणि कृती यांवर ताबा ठेवणे शक्य असते. चिंतनाने बुद्धीत ईश्वराचे भान जागवावे, म्हणजे हृदयातील भाव त्यामागून येतात, असे ते सांगतात. 'खबाद' हे नावही प्रज्ञा, आकलन आणि ज्ञान या अर्थाच्या तीन हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनले आहे.

विरोध आणि कारावास

व्हिल्ना येथील विद्वान एलियाह, म्हणजेच 'व्हिल्ना गाओन', आणि त्यांचे अनुयायी हसिदी पंथाचे कट्टर विरोधक होते. श्नेऊर झाल्मन आणि मेनाखेम मेंडेल समेटासाठी व्हिल्नाला गेले. परंतु गाओन यांनी भेट नाकारली. पुढे विरोधकांनी रशियन सरकारकडे तक्रार केली. पॅलेस्टाईनमधील गरीब ज्यूंसाठी पाठवलेला निधी म्हणजे ऑटोमन साम्राज्याला मदत, असा आरोप ठेवून १७९८ मध्ये श्नेऊर झाल्मन यांना सेंट पीटर्सबर्ग येथे कैद करण्यात आले. चौकशीनंतर त्यांची सुटका झाली. ज्यू पंचांगातील किस्लेव महिन्याची १९ तारीख हा सुटकेचा दिवस खबाद पंथीय आजही साजरा करतात. १८०० मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. मुक्ततेनंतर ते लियाडीला स्थायिक झाले.

अखेर

नेपोलियनच्या विजयामुळे ज्यूंना नागरी हक्क मिळतील, पण त्यांची श्रद्धा दुबळी होईल, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी झारची बाजू घेतली. १८१२ मध्ये फ्रेंच सैन्य जवळ येताच त्यांनी कुटुंबासह लियाडी सोडले. या प्रवासातच रशियातील पेना या खेड्यात त्यांचे निधन झाले. आजच्या युक्रेनमधील हादियाच येथे त्यांची समाधी आहे.

वारसा

त्यांच्या पश्चात प्रार्थनेतील भावावेशाचे स्थान काय, यावरून पुत्र दोव बेर आणि शिष्य आरोन हालेवी यांच्यात मतभेद झाले. दोव बेर यांनी ल्युबाविची येथे केंद्र स्थापले. त्यावरून शाखेला 'खबाद-लुबाविच' हे नाव मिळाले. १९४० मध्ये तिचे नेतृत्व न्यूयॉर्कला गेले आणि सातवे रेबे मेनाखेम मेंडेल श्नेयरसन यांच्या काळात तिची केंद्रे जगभर पसरली. मुंबईत कुलाबा येथील नरिमन हाऊस हे त्यांपैकीच एक होय. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या दहशतवादी हल्ल्यात ते लक्ष्य ठरले होते.